एआय साधनांनी छायाचित्रातील वस्तू काढणे

छायाचित्रात आलेली नकोशी व्यक्ती, विजेची तार, खांब, कचऱ्याचा डबा किंवा डाग निवडून ती जागा सभोवतालच्या दृश्याशी जुळेल अशा रीतीने मॉडेलकडून (चित्र भरून काढणाऱ्या संगणकप्रणालीकडून) भरून घेण्याची प्रक्रिया. संगणकविज्ञानात तिला ‘इनपेंटिंग’ म्हणतात. फोनवर ती ‘मॅजिक इरेजर’, ‘क्लीन अप’, ‘ऑब्जेक्ट इरेजर’ अशा नावांनी भेटते. खांबामागची भिंत कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते, ती साधन अंदाजाने रचते. प्रक्रियेचे यश, तिच्यात होणाऱ्या चुका आणि तिच्यावर घेतले जाणारे आक्षेप, सगळ्याचे मूळ या अंदाजात आहे.

पूर्वपीठिका

फोटोतून माणसे नाहीशी करण्याचा उद्योग संगणकाच्या आधीचा आहे. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन भाषण करत असतानाच्या छायाचित्रात व्यासपीठाच्या पायऱ्यांवर त्यांचे सहकारी नेते ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह उभे दिसतात. स्टालिनच्या राजवटीत छापलेल्या प्रतींत तिथे नुसत्या लाकडी पायऱ्या उरल्या. गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह याला १९४० मध्ये मृत्युदंड दिल्यानंतर मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठच्या छायाचित्रातून तोही गेला आणि त्याच्या जागी कालव्याचे पाणी रंगवले गेले. ‘मागे काय असेल’ हा अंदाज तेव्हा रिटचर, म्हणजे फोटोवर हाताने रंगकाम करणारा कारागीर, करत असे.

संगणकाकडे हे काम टप्प्याटप्प्याने गेले. मार्सेलो बर्तालमिओ व सहकाऱ्यांनी २००० साली ‘सिग्राफ’ या संगणक-चित्रांविषयीच्या परिषदेत मांडलेली पद्धत रिकाम्या जागेच्या कडेवरचे रंग आणि रेषा हळूहळू आत ओढत नेई. अलेक्झांड्रू टेलियाची २००४ मधील वेगवान पद्धत ‘ओपनसीव्ही’ या मुक्त प्रणालीत आजही आहे. जुन्या फोटोवरचे बारीक ओरखडे काढायला ३ ते ५ पिक्सेल त्रिज्या ठेवून ती उत्तम चालते, मोठी जागा मात्र धुकट करून टाकते. दुसरी वाट त्याच फोटोतले तुकडे उचलून बसवण्याची. ‘पॅचमॅच’ या २००९ मधील पद्धतीने जुळणारे तुकडे शोधणे झपाट्याने होऊ लागले आणि फोटोशॉप सीएस५ मध्ये (२०१०) ‘कंटेंट-अवेअर फिल’ आले. उदाहरणांवरून शिकणारी न्यूरल नेटवर्क २०१६ च्या सुमारास या क्षेत्रात शिरली. २०२१-२२ मध्ये ‘लामा’ आणि २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही मॉडेले सर्वांसाठी खुली झाल्यावर चित्र पालटले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये गूगलच्या पिक्सेल ६ फोनवर मॅजिक इरेजर आले. फोटोशॉपची ‘जनरेटिव्ह फिल’ मे २०२३ मध्ये चाचणी आवृत्तीत, सॅमसंगचे ‘जनरेटिव्ह एडिट’ जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ सोबत, तर ॲपलचे क्लीन अप ऑक्टोबर २०२४ मध्ये आयओएस १८.१ सोबत दाखल झाले.

आत काय घडते

आजच्या साधनांमागे मुख्यतः तीन जातींची यंत्रणा असते. आपल्या हातातले साधन कोणत्या जातीचे आहे हे कळले, की ते कुठे दगा देईल हेही कळते.

तुकडे जुळवणारी यंत्रणा त्याच फोटोतले खरे पिक्सेल वापरते. त्यामुळे कण (फोटोतला बारीक रवाळपणा) आणि पोत अस्सल राहतो. पण फोटोत जे कुठेच नाही ते तिला आणता येत नाही, आणि एकच दगड भिंतीत तीनदा उगवतो. दुसऱ्या जातीतले लामा हे मॉडेल फूरिए रूपांतराच्या (चित्र लहरींत मोडून पाहणाऱ्या गणिताच्या) साहाय्याने संपूर्ण चित्राचा एकदम विचार करते, म्हणून खिडक्यांच्या रांगा, कठडे, जाळ्या अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृत्यांत ते सरस ठरते. ते साध्या प्रोसेसरवरही चालते आणि ‘आयओपेंट’सारख्या मुक्त प्रणालीतून घरच्या संगणकावर बसवता येते, म्हणजे फोटो कुठल्या सर्व्हरवर पाठवावा लागत नाही. त्याचे प्रशिक्षण २५६ × २५६ पिक्सेलच्या तुकड्यांवर झाले आहे. म्हणून मोठ्या फोटोतली मोठी जागा एकदम भरायला दिली की मधोमध पुसट डाग पडतो.

तिसऱ्या जातीचे डिफ्यूजन मॉडेल कोऱ्या गोंगाटापासून (विस्कळीत ठिपक्यांपासून) सुरुवात करून साधारण २० ते ५० पायऱ्यांत चित्र घडवते. अर्धी झाकलेली कमान किंवा पाण्यातले झाडाचे प्रतिबिंब नव्याने रचणे त्यालाच जमते. मात्र स्टेबल डिफ्यूजन ५१२ × ५१२ चे चित्र आधी ६४ × ६४ च्या संक्षिप्त रूपात आणून त्यावर काम करते आणि शेवटी पुन्हा उलगडते. या ये-जा मध्ये निवडीबाहेरचे बारकावेही हलतात, विशेषतः चेहरे आणि अक्षरे. चांगले साधन निवडीबाहेरचे मूळ पिक्सेल परत चिकटवते, सगळीच तसे करत नाहीत. तपासायचे तर मूळ आणि नवा फोटो एकावर एक लेयर ठेवून वरच्या लेयरला फक्त फरक दाखवणारा ‘डिफरन्स’ मोड द्यावा. निवडीबाहेर सगळे काळे दिसायला हवे.

निवड कशी करावी

ज्या भागावर ब्रश फिरवतो त्याला मास्क म्हणतात. निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा मास्कमुळे, मॉडेलमुळे क्वचितच. नवशिका माणूस वस्तूच्या काठाला अगदी चिकटून निवड करतो आणि तिथेच फसतो. वस्तूच्या कडेवरच्या पिक्सेलमध्ये वस्तू आणि पार्श्वभूमी दोघांचे रंग मिसळलेले असतात. फोन आपणहून शार्पनिंग करतो, त्याने कडेभोवती उजळ किनार तयार होते. शिवाय जेपेग फोटोत रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदी-उंचीवर साठवलेली असते, त्यामुळे रंग १६ पिक्सेलपर्यंत बाहेर सांडू शकतो. या किनारीचा थोडा जरी भाग मास्कबाहेर राहिला तरी मॉडेल त्यालाच पुरावा मानून वस्तूची भुताटकी बाह्यरेषा रंगवते. १२ मेगापिक्सेलच्या (४००० × ३०००) फोटोत १० ते १६ पिक्सेल जादा घेणे योग्य. उलट मास्क फार पसरला तर शेजारची चांगली पार्श्वभूमी वाया जाते आणि अंदाजाचे क्षेत्र वाढते.

सावली आणि प्रतिबिंब मास्कमध्ये घेतलेच पाहिजे. माणूस काढला आणि सावली ठेवली तर डिफ्यूजन मॉडेल त्या सावलीला साजेसा दुसरा माणूस किंवा खांब उभा करते. वापरणाऱ्याला हा खोडसाळपणा वाटतो, मॉडेलच्या दृष्टीने मात्र सावली आहे म्हणजे वस्तू असणारच. दुकानाची काच, गाडीचे टप, ओला रस्ता, गॉगल, स्टीलचे भांडे इथे प्रतिबिंबे लपलेली असतात. डिफ्यूजनमध्ये मास्कची आकृतीही बोलते: हुबेहूब माणसाच्या आकाराची निवड केली तर पुन्हा माणूस येण्याची शक्यता वाढते. अशा वेळी कडा ओबडधोबड ठेवाव्यात आणि सूचनेची चौकट रिकामी सोडावी. ‘माणूस काढा’ असे लिहिले तर त्यातला ‘माणूस’ तेवढा मॉडेलला ऐकू येतो असा अनुभव बऱ्याचदा येतो; लिहायचेच असेल तर ‘दगडी फरसबंदी’ असे, जे हवे आहे ते लिहावे.

लांब तार एका फटक्यात काढू नये. तारेच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट ब्रश घेऊन आकाशातला भाग आधी काढावा. तार जिथे शिखराच्या किंवा पानांच्या कडेला छेदते तेवढा तुकडा मागे ठेवून मोठे करून, छोट्या ब्रशने स्वतंत्रपणे करावा. गर्दीत दूरची माणसे आधी आणि जवळची नंतर काढली, तर जवळच्या मोठ्या आकृतीमागे भरायला स्वच्छ नमुना मिळतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. कच्ची (रॉ) फाइल असेल तर लेन्सची वक्रता आणि नॉइज आधी दुरुस्त करावा, मग वस्तू काढावी, त्यानंतर रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग. शार्पनिंगनंतर वस्तू काढली तर भरलेला भाग मऊ राहतो आणि नेमका उठून दिसतो. क्रॉप शेवटी, कारण बाहेरचा वाटणारा भागच भरणासाठी नमुना पुरवतो. अर्थात नकोशी वस्तू अगदी काठावर असेल तर क्रॉप करून मोकळे व्हावे. तिथे एआयची गरजच नाही.

नेहमीच्या चुका

भरलेला भाग आजूबाजूपेक्षा गुळगुळीत दिसणे ही सर्वांत सामान्य तक्रार. साधन आतून ठरावीक आकारातच चित्र बनवते आणि मग ते ताणून बसवते. फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलची सुरुवातीची मर्यादा १०२४ × १०२४ पिक्सेल होती. ३००० पिक्सेल रुंदीची निवड दिली तर तपशील तिपटीने ताणला जाई. उपाय दोन: निवड हजारेक पिक्सेलच्या तुकड्यांत करणे, आणि शेवटी भरलेल्या भागावर मूळ फोटोइतकाच कण चढवणे. फोनच्या पडद्यावर हे कळत नाही, म्हणून तपासणी १०० टक्के मोठे करूनच करावी.

सरळ रेषा मोडणे ही दुसरी. फरशीचे सांधे, क्षितिज, जिन्याचा कठडा भरलेल्या भागात शिरताना किंचित वाकतात. रेषेच्या वरचा व खालचा भाग वेगवेगळा भरावा आणि रेषा स्वतः क्लोन स्टॅम्पने (फोटोतला एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने) ओढून घ्यावी.

देवनागरी पाट्या हे आपल्याकडचे खास दुखणे. दुकानाच्या पाटीवरून जाणारी तार डिफ्यूजनने काढली तर शिरोरेषा टिकते, पण तिच्याखाली अक्षरांसारखी दिसणारी निरर्थक नक्षी येते. जोडाक्षरे आणि मात्रा तर हमखास बिघडतात. पाटीवरून वस्तू काढताना फक्त तुकडे जुळवणारे साधन वापरावे, किंवा त्याच पाटीवरचे तेच अक्षर दुसरीकडून उचलून बसवावे. शिलालेख, ताम्रपट, समाधीवरचा मजकूर यांच्या नोंदीसाठी काढलेल्या फोटोवर ही साधने वापरूच नयेत. तिथे उगवलेली खोटी वेलांटी पुढच्या वाचकाला खरी वाटेल.

तीच गोष्ट चेहऱ्याची. आजोबांच्या जुन्या फोटोवर बुरशी डोळ्यावरून गेली असेल, तर मॉडेल जो डोळा देते तो आजोबांचा नसतो. मूळ प्रत ६०० डीपीआयवर स्कॅन करावी (४ × ६ इंची फोटोचे २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात), पार्श्वभूमी व कपड्यांवरचे डाग एआयने काढावेत आणि चेहऱ्यावरचे काम हाताने, शक्य तर त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो समोर ठेवून करावे.

अंदाज टाळायचा असेल तर

वास्तू किंवा पर्यटनस्थळ टिपताना एआयपेक्षा भरवशाची एक जुनी युक्ती आहे, आणि ती विसरली जाते. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का ठेवून, एक्स्पोजर आणि फोकस हाताने बांधून, १५-२० सेकंदांच्या अंतराने १० ते १५ फोटो घ्यावेत. मग फोटोशॉपच्या ‘स्टॅटिस्टिक्स’ स्क्रिप्टमध्ये ‘मीडियन’ निवडावे, किंवा ‘इमेजमॅजिक’ या मुक्त प्रणालीने तेच करावे. प्रत्येक पिक्सेलला सगळ्या फोटोंतली मधली किंमत मिळते. चालणारी माणसे मध्यात येत नाहीत आणि गळून पडतात. उरते ती खरी फरसबंदी. अट एवढीच की प्रत्येक जागा निम्म्याहून अधिक फोटोंत मोकळी असावी. बाकावर बसून राहिलेला माणूस या पद्धतीने जात नाही. भर उन्हात १० स्टॉपचा, म्हणजे प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारा, एनडी फिल्टर लावूनही हे साधते: १/६० सेकंदाचे एक्स्पोजर सुमारे १७ सेकंदांचे होते आणि चालती गर्दी विरून जाते.

कुठे चालते, कुठे नाही

लग्नाच्या अल्बममधून मंडपवाल्याचा पंखा काढणे आणि बातमीच्या फोटोतून माणूस काढणे यांत फरक आहे, आणि वृत्तछायाचित्रणात तो काटेकोरपणे पाळला जातो. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्र स्पर्धेने २०१० मध्ये एका क्रीडा-मालिकेचे पारितोषिक काढून घेतले, कारण छायाचित्रकाराने एका चित्रातून पायाचा छोटासा भाग पुसला होता. जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पुलित्झरविजेते नार्सिसो काँत्रेरास यांच्याशी संबंध तोडले. सीरियातल्या एका छायाचित्राच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्यांनी काढून टाकला होता.

वॉटरमार्क काढण्यासाठी ही साधने सर्रास वापरली जातात. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-ब नुसार हक्कव्यवस्थापनाची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कर्त्याचे नावही अशा माहितीतच मोडते. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीतून शेजारचा उच्चदाब मनोरा गायब करणाऱ्या विकासकाने २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे (रेरा) कलम १२ वाचावे: जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई किंवा व्याजासह परतावा मागता येतो.

अपघात, विमा, जमिनीचा वाद अशा कामी लागू शकणाऱ्या फोटोची मूळ फाइल न उघडता वेगळी जपावी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने काढलेली ओळखखूण) द्यावे लागते आणि एक पिक्सेल बदलला तरी ते मूल्य बदलते. वस्तू काढलेल्या फोटोच्या मेटाडेटात (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) काही साधने एआय वापराची नोंद ठेवतात, सॅमसंगचे जनरेटिव्ह एडिट चित्रावरही खूण उमटवते. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताच मेटाडेटा गळतो, आणि पुन्हा दाबल्या गेलेल्या जेपेगमध्ये कणांतल्या फरकावरून खाडाखोड ओळखणेही अवघड होते. अशा प्रतीत डोळ्यांनी शोधायचे ते मालक नसलेली सावली, काचेत उरलेले प्रतिबिंब, दोनदा आलेला तोच ढग किंवा मध्येच वाकलेला फरशीचा सांधा.