यादी बाहेर येते, खुणा आत राहतात: फीड रीडरमागची पार्श्वभूमी

प्रियोळचे एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. गोव्याच्या इतिहासावर कोण कुठे काय लिहितं याच्यावर त्यांची बारीक नजर असते आणि त्यासाठी ते बरीच वर्षं फीड रीडर वापरतात. साइट आपले नवे लेख ठराविक साच्यात पुरवते ते तिचं फीड, आणि अशी अनेक फीड एका जागी दाखवतो तो रीडर. त्या साच्यांपैकी एकाचं नाव आरएसएस. पावसाच्या तोंडावर त्यांनी विचारलं, "माझं जुनं अ‍ॅप बंद होतंय म्हणे. आरएसएससाठी आता दुसरं कुठलं घेऊ?" सोप्यावर बसलेले त्यांचे मेहुणे चमकले, त्यांना वाटलं शाखेचं काही चाललंय. मराठीत हा घोटाळा टळत नाही, म्हणून पुढे मी होईल तिथे 'फीड'च म्हणतो.

मी म्हटलं, "सर, कुठलं घ्यायचं ते नंतर बघू. आधी आहे त्यातून काय बाहेर येतं ते बघा." त्यांनी एक्स्पोर्टचं, म्हणजे आतली माहिती फाईलमध्ये उतरवायचं, बटण दाबलं. शंभरावर फीडची यादी आली, फोल्डरसकट. पण वर्षानुवर्षं तारा लावून ठेवलेले लेख त्यात नव्हते. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद नव्हती. टॅगही नव्हते. सरांना वाटलं फाईल अर्धवट उतरली. फाईल पुरी होती. तिच्यात एवढंच मावतं, आणि ते का, हे कळायला पंचवीस वर्षं मागे जावं लागतं.

मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या 'माय नेटस्केप' या पानासाठी आरएसएस ०.९० काढलं. त्या पानावर वाचकाने आपल्या आवडीच्या साइटच्या मथळ्यांचे चौकोन मांडायचे, आणि साइटने ते मथळे ठराविक साच्यात पुरवायचे. काम डॅन लिबी आणि रामनाथन गुहा यांचं. गुहा आयआयटी मद्रासचे. जुलैत ०.९१ आलं, सुटसुटीत झालेलं. नंतर नेटस्केपचं लक्ष उडालं आणि यूजरलँड या छोट्या कंपनीच्या डेव्ह वाइनर यांनी धागा उचलला. १९९७ पासून त्यांचा स्वतःचा असाच एक साचा होताच. डिसेंबर २००० पर्यंत घर वाटलं गेलं होतं: एकीकडे आरएसएस १.०, जे ठरवणाऱ्या गटात चौदा वर्षांचा अ‍ॅरन स्वार्ट्‌झ होता, आणि दुसरीकडे वाइनर यांचं ०.९२, ज्यात ध्वनिफीत जोडायची सोय होती. आजचे पॉडकास्ट त्याच सोयीवर चालतात. सप्टेंबर २००२ मध्ये २.० आलं आणि पुढच्या वर्षी त्याचा तपशील हार्वर्डच्या बर्कमन केंद्राकडे सोपवला गेला. भांडणाला कंटाळलेल्यांनी २००३ मध्ये अ‍ॅटम नावाचा वेगळा साचा सुरू केला. डिसेंबर २००५ मध्ये तो प्रमाण म्हणून मान्य झाला.

आजच्या वाचकाला या भाऊबंदकीचं सोयरसुतक नाही. कुठलाही बरा रीडर सगळ्या शाखा वाचतो. एक गोष्ट मात्र तिथूनच आलेली आहे. अ‍ॅटममध्ये प्रत्येक लेखाला कायमची ओळख देणं सक्तीचं आहे, आरएसएस २.० मध्ये ऐच्छिक. जिथे साइटने ती दिलेली नाही, तिथे प्रत्येक रीडर दुव्यावरून किंवा मथळ्यावरून आपापली ओळख बनवतो. म्हणून एका घरातल्या 'वाचलं'च्या खुणा दुसऱ्या घरात बसत नाहीत.

आता यादीची फाईल. तिचं नाव ओपीएमएल. २००० मध्ये यूजरलँडनेच ती केली, पण फीडसाठी नव्हे. त्यांचं एक आउटलायनर होतं, म्हणजे मुद्दे, पोटमुद्दे, त्यांचे पोटमुद्दे अशी टिपणं करायचा प्रोग्राम. ती उतरंड साठवायला हा साचा. नंतर लक्षात आलं की फोल्डर आणि त्यातली फीड हीसुद्धा उतरंडच, तेव्हा सगळ्यांनी तोच उचलला. एका ओळीत फीडचं नाव, फीडचा पत्ता, साइटचा पत्ता. त्या ओळी ज्या ओळीच्या पोटात, तो फोल्डर. तारा फीडला लागत नाही, लेखाला लागते, आणि लेखाला या फाईलमध्ये जागाच नाही. उसनवारीचा साचा असून तो इतका टिकला हेच नवल. एकच फीड दोन फोल्डरांत ठेवलं तर ते फाईलमध्ये दोनदा लिहिलं जातं. समोरचा रीडर कधी ते एकच धरतो, कधी दोन वेगळी.

सर प्रियोळचे, त्यामुळे त्यांना समजवायला मला लांब जावं लागलं नाही. १५६० मध्ये कुठ्ठाळीहून मंगेशाचं लिंग नदीपलीकडे याच प्रियोळात आणलं. लिंग आलं. देऊळ मागे राहिलं. इथे सगळं पुन्हा उभारावं लागलं. "म्हणजे माझा देव आला," सर म्हणाले, "पण भांडीकुंडी राहिली." तसंच.

अशी हलवाहलव एकदा जगभर एकाच उन्हाळ्यात झाली. गुगल रीडर ७ ऑक्टोबर २००५ रोजी सुरू झाला. फुकट, जलद, कुठल्याही संगणकावरून उघडणारा. त्याच्यासमोर इतरांचा टिकाव लागेना. न्यूजगेटर या कंपनीने २००९ मध्ये वाचकांसाठीची आपली ऑनलाइन सेवा मिटली आणि आपले नेटन्यूजवायर व फीडडेमन हे प्रोग्राम गुगल रीडरला जोडून दिले. दिसायला प्रोग्राम वेगवेगळे, पण नोंदवही एकच आणि ती परक्याच्या घरी. मग १३ मार्च २०१३ रोजी गुगलने जाहीर केलं की १ जुलैला सेवा बंद. दोन दिवसांत पाच लाख लोक आपल्याकडे आले, असं फीडली या दुसऱ्या रीडरने सांगितलं. विंडोजवरचा फीडडेमन मात्र त्या धक्क्यात संपला, कारण त्याचा ताळमेळ त्याच नोंदवहीवर होता.

गुगलने जाताना माहिती मात्र दिली, हे श्रेय द्यायला हवं. २०११ पासून 'टेकआउट' नावाची सोय होती. तिच्यातून फीडची यादी ओपीएमएलमध्ये मिळे आणि तारांकित लेख जेसॉन साच्याच्या वेगळ्या फाईलमध्ये. यादी कुठेही चढायची. जेसॉनची फाईल आत घेऊ शकणारे रीडर मोजकेच. शिवाय रीडरच्या सर्व्हरवर साठलेले जुने लेख होते, काही तर मूळ साइटच मिटलेल्यांचे. ते कुणाच्याच पिशवीत आले नाहीत.

हे शेवटचं नुकसान पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फीड म्हणजे साइटचं सगळं लिखाण नव्हे. वर्डप्रेस मुळात शेवटचे दहा लेख फीडमध्ये ठेवतं, अकरावा आला की पहिला गळतो. गळलेला लेख कोणी धरून ठेवला असेल तर तुमच्या रीडरने. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तातून, म्हणजे पावसाआधीच्या जत्रेतून, लोक पावसाळ्याची बेगमी घरी आणतात, दुकानदाराच्या भरवशावर ठेवत नाहीत. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात जुलैमध्ये वीज आणि नेट दोन्ही गेल्यावर घरच्या संगणकात काय आहे तेवढंच खरं, हे मी स्वतः बघितलंय.

मेलेल्या गुगल रीडरचं एक अंग अजून जिवंत आहे. त्याच्याशी बोलायची जी भाषा होती, ती गुगलने अधिकृतपणे कधीच खुली केली नव्हती. बाहेरच्यांनी ती उलगडली आणि आज फ्रेशआरएसएस, मिनीफ्लक्स, इनोरीडर हे रीडर ती बोलतात. म्हणजे लेख आपल्या सर्व्हरवर फ्रेशआरएसएसमध्ये ठेवून मोबाइलवर दुसऱ्याच अ‍ॅपमधून वाचता येतात. अ‍ॅप बदललं तरी खुणा जागच्या जागी. माझ्या मते हलवता येणारी माहिती याचा आजवरचा सगळ्यात चांगला अर्थ हाच: खुणा हलवायच्याच नाहीत, त्या आपल्या घरी ठेवायच्या आणि खिडक्या बदलायच्या.

घरी म्हणजे कुठे, हेही रीडरागणिक वेगळं. न्यूजबोट फीडची यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवतो, ओळीला एक पत्ता, पुढे टॅग, लेख एसक्यूलाइटमध्ये. नेटन्यूजवायर २०१९ पासून फुकट आणि मुक्त आहे, तोही एसक्यूलाइटच वापरतो. एसक्यूलाइट ही एकाच फाईलमधली माहितीपेढी आहे, कंपनी मेली तरी इतर साधनांनी उघडते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानेही ती जतनासाठी शिफारस केलेल्या साच्यांत धरली आहे. थंडरबर्ड फीडचे लेख टपालासारखे साठवतो, त्यामुळे मेलची फाईल वाचणारं काहीही ते उघडतं. मला हा उपाय ओबडधोबड वाटतो, पण विश्वासाचा. फ्रेशआरएसएस यादी ओपीएमएलमध्ये आणि तारांकित लेख जेसॉनमध्ये देतो, शिवाय सगळी पेढी एसक्यूलाइट म्हणूनही उतरवता येते. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये, ६४ व्या आवृत्तीत, फीडची सोय काढली तेव्हा लोकांच्या फीडची यादी ओपीएमएल करून डेस्कटॉपवर ठेवली. निघताना किल्ली उंबऱ्यावर ठेवावी तशी.

आपल्याला आणखी एक अडचण असते, लिपीची. २००० च्या आसपास मराठी दैनिकांच्या कितीतरी साइट स्वतःच्या फाँटात होत्या. फाँट नसला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा, आणि फीड असतं तर तोच चिवडा रीडरमध्ये आला असता. पणजीच्या पुराभिलेखागारात, ज्याची सुरुवात १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु यांच्या हाती झाली, गोंयकानडी या गोव्याच्या जुन्या लिपीतली बाडं आहेत. कागद शाबूत आहे, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या एकाच अक्षरसंचाने, आपल्याला त्या वाटेवरून मागे आणलं. तरी परीक्षा घ्यावी. ओपीएमएलचे सुरुवातीचे नमुने पश्चिम युरोपीय अक्षरसंचाचं नाव सांगतात, आणि एखादा जुना प्रोग्राम आजही तेच धरून चालला तर 'मंदिरं' नावाच्या फोल्डरच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून रीडर निवडताना मी एक फोल्डर मुद्दाम देवनागरीत करतो, त्यात जोडाक्षर घालतो, एक्स्पोर्ट करून फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडतो. मग तीच फाईल दुसऱ्या रीडरमध्ये चढवून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

सरांनी शेवटी जुन्या लॅपटॉपवर फ्रेशआरएसएस बसवून घेतला, भाच्याकडून. यादी एका झटक्यात चढली. तारांकित लेखांसाठी आम्ही संध्याकाळी बसतो: जुन्या अ‍ॅपमधून मथळा वाचायचा, दुवा उघडायचा, मिळाला तर जपून ठेवायचा. सध्या २०१६ च्या श्रावणापर्यंत आलोय. कालच्या बारा दुव्यांपैकी सात उघडले नाहीत, आणि सरांनी ते सातही मथळे वहीत हाताने उतरवून घेतले.