तीस ट्रक नाण्यांची थाप

मिरकरवाड्याच्या जेटीवर चहा घेताना परवा पुन्हा तीच गोष्ट कानावर आली: कोर्टात हरल्यावर सॅमसंगने अ‍ॅपलला एक अब्ज डॉलर पाच सेंटच्या नाण्यांत दिले, तीस ट्रक भरून! सांगणारा अगदी रंगात आला होता.

जरा हिशेब करू. अमेरिकेतलं पाच सेंटचं नाणं ५ ग्रॅमचं. एक अब्ज डॉलर म्हणजे २० अब्ज नाणी, वजन १ लाख टन. तीस ट्रकांत वाटले तर एकेकावर ३,३०० टनांहून जास्त. असा ट्रक कशेडी घाट चढवून दाखवा! दहा टनी गाड्या घेतल्या तर १०,००० लागतील.

ही बातमी मुळात मेक्सिकोतल्या एका विनोदी संकेतस्थळाची. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे १.०५ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली हे खरं. पण पैसे लगेच द्यायचेच नव्हते. अपिलं झाली, रक्कम घटली, २०१८ मध्ये तडजोड झाली.

थाप पचली, कारण सॅमसंग तेव्हा जाहिरातींत आयफोनसाठी रांगा लावणाऱ्यांची उघड टिंगल करत होती. गंमत म्हणजे त्याच आयफोनच्या चिप सॅमसंगच्याच कारखान्यात बनत होत्या.