झेंडू आणि ‘मेरीगोल्ड’ : नाव एक, झाडं वेगळी

दसऱ्याला दारावर चढणारा झेंडू इतका आपला वाटतो, की तो मूळचा इथला नाही हे मनाला पटतच नाही. झेंडू मेक्सिकोचा. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याचं नाव ‘सेंपोआलशोचित्ल’, म्हणजे ‘वीस-फूल’. वीस म्हणजे इथे पुष्कळ. गच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला आपण ‘हजारी’ म्हणतो तसंच. मार्तिन दे ला क्रूस या तिथल्याच वैद्याच्या १५५२ च्या औषधी-ग्रंथात झेंडू आहे. नदी सुखरूप पार व्हावी यासाठीही तो सांगितला आहे. गेलेल्या माणसांना घराची वाट सापडावी म्हणून मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आपल्या सणाच्या फुलाचं हे माहेर मला फार जवळचं वाटतं.

सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला. भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानलं जातं. गोव्यात झेंडूला ‘रोजां’ म्हणतात, आणि पोर्तुगीजांचा ‘रोझा’ म्हणजे तर गुलाब!

नावाचा खरा घोळ युरोपात झाला. तिथे ‘मेरीगोल्ड’, म्हणजे मेरीचं सोनं, हे नाव आधीपासून कॅलेंडुला या वेगळ्याच फुलाचं होतं. नवं फूलही तसंच पिवळं-केशरी, म्हणून तेच नाव त्यालाही चिकटलं. वर मोठ्या गोंड्याचा झेंडू ‘आफ्रिकन’ ठरला आणि बुटकी, तांबूस मखमल ‘फ्रेंच’. वास्तविक दोन्ही मेक्सिकोकडचेच. १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दोघांना ‘टॅजेटिस’ या एकाच प्रजातीत बसवलं, पण बोलीतली नावं हटली नाहीत. पाणथळीतल्या ‘मार्श मेरीगोल्ड’चं तर कूळच वेगळं, केपचं मेरीगोल्ड दक्षिण आफ्रिकेतलं.

हा घोळ घरातही येतो. ‘मेरीगोल्ड’च्या मलमाची कृती वाचून कुणी झेंडूच्या पाकळ्या तेलात मुरवत असेल, तर आधी थांबवावं, ती कृती बहुतेक वेळा कॅलेंडुलाची असते. ओळख सोपी आहे. झेंडूचं पान चुरडलं की उग्र वास बोटांना चिकटून राहतो आणि पान कातरलेलं असतं. कॅलेंडुलाचं पान अखंड, किंचित चिकट. बी तर हातावर घेताक्षणी कळतं : झेंडूचं काळं, सुईसारखं सरळ आणि टोकाला फिकट तुरा, कॅलेंडुलाचं कोयत्यासारखं वाकडं, खरखरीत.