बुबुळात नक्की कोण बसलंय, हे कळल्याशिवाय कॉर्निया बदलून भागत नाही

डोळ्यात कचरा जातो, आपण चोळतो, डोळा लाल होतो आणि दोन-चार दिवसांनी बघावं तर बुबुळावर पांढरा डाग. तिथे जखम होऊन जंतूंनी घर केलेलं असतं, त्याला कॉर्नियल अल्सर म्हणतात. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काचच, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे आरपार भोक पडायला वेळ लागत नाही आणि औषधाने आवरलं नाही की मग कॉर्निया बदलायची पाळी येते.

जंतू कोणता हे आधी कळायला हवं, कारण बॅक्टेरियाचे थेंब बुरशीला चालत नाहीत, आणि बुरशी असताना कोणी स्टेरॉईडचे थेंब घातले तर ती आणखी फोफावते. म्हणून स्क्रेपिंग करतात. डोळा बधिर करून, स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, बघत अल्सरच्या तळातून आणि कडेने हलक्या हाताने खरवडायचं. हाती लागतं टाचणीच्या डोक्याएवढंही नाही, आणि तेवढ्यातच स्लाईड पण करायच्या आणि कल्चर पण लावायचं, म्हणजे जंतू खाद्याच्या प्लेटवर वाढवायला ठेवायचे! प्लेटवर ते इंग्रजी सी अक्षरासारख्या रेघांमध्ये लावतात, मग जे रेघेवर उगवलं ते डोळ्यातलं आणि रेघेबाहेर उगवलं ते बहुतेक हवेतून पडलेलं. इतकी साधी युक्ती, पण मला ती फार आवडते.

स्लाईडवर १० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा) थेंब टाकला की पेशी विरघळल्यासारख्या फिक्या होतात आणि बुरशीचे धागे उठून दिसायला लागतात, म्हणजे त्याच दिवशी औषध सुरू करता येतं. कल्चरला मात्र धीर लागतो, बॅक्टेरिया एक-दोन दिवसात उगवतात, बुरशीला कधी आठवडा पण लागतो. अकँथअमिबा हा एकपेशीय जीव तर वेगळंच प्रकरण, त्याच्यासाठी प्लेटवर ई. कोलाय बॅक्टेरियाचा थर पसरून ठेवतात, अमिबा तो खात खात पुढे सरकतो आणि मागे त्याची वाट उमटते, ती मायक्रोस्कोपखाली शोधायची. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्स आणि तिची डबी पण सोबत न्या, जंतू कधी कधी त्या डबीत सापडतो.

आणि सगळ्यात फसवणारा म्हणजे पिथियम, बुरशीसारखा दिसणारा एक वेगळाच जंतू. धागे बघून कोणालाही बुरशीच वाटेल, पण ती बुरशी नाहीच, तिच्या पेशींच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल हा बुरशीत असणारा चरबीसारखा घटक नसल्यातच जमा, आणि बुरशीची बरीचशी औषधं नेमकी त्याच्यावरच काम करतात. मग थेंब चालू राहतात, अल्सर वाढत राहतो. त्याची शंका घ्यायची ती रुंद, रिबिनीसारखे, आत आडव्या भिंती जवळपास नसलेले धागे दिसले की, आणि खात्री पीसीआरने, म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या चाचणीने, करायची.

बरं, ऑपरेशन झालं म्हणजे लॅबचं काम संपलं असं बिलकुल नाही. कापून काढलेली जुनी कॉर्निया, तिला बटण म्हणतात, तिचे दोन तुकडे करतात, एक निर्जंतुक डबीत कल्चरला आणि एक फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघायला. घाईत अख्खं बटण फॉर्मॅलिनमध्ये गेलेलं मी बघितलंय, जंतू मेले, कल्चर संपलं, जीव हळहळतो अगदी. कारण वरून खरवडून न सापडलेली, खोल शिरलेली बुरशी पुष्कळदा या बटणातच हाती लागते. एरवी नवी कॉर्निया शरीराने नाकारू नये म्हणून स्टेरॉईड देतात, पण बुरशी निघाली तर निदान सुरुवातीला तरी ते टाळतात आणि बुरशीचेच थेंब चालू ठेवतात. हर्पिस असेल तर आणखी वेगळं, तो व्हायरस नसांच्या मुळाशी लपून राहतो आणि नव्या कॉर्नियावर पण परत येतो, म्हणून त्याच्या गोळ्या नंतर बरेच महिने घ्याव्या लागतात.

हिस्टोपॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये आधी बटणाची कड बघायची. धागे कापलेल्या कडेपर्यंत पोचलेले असतील तर बुरशी थोडी डोळ्यात मागे राहिलेली असू शकते, मग नवी कॉर्निया कितीही स्वच्छ दिसो, थेंब बंद करायचे नाहीत.