घर खाली करायची नोटीस: एका शब्दातल्या दोन भानगडी

भाडेकरू भाडं थकवतो, घरमालक वैतागून म्हणतो "आता नोटीसच पाठवतो". पण कसली? एक नोटीस म्हणते तुझं भाडेकरूपण संपलं, दुसरी म्हणते थकलेले पैसे भर. महाराष्ट्रात या दोन्हींची इतकी सरमिसळ झालीय की अजूनही लोक गोंधळतात.

पहिली आली १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून, कलम १०६. महिन्याच्या भाड्यानं दिलेलं घर असेल तर १५ दिवस आधी नोटीस, आणि ते दिवस भाड्याचा महिना संपतो त्याच दिवशी संपायला हवेत. तारीख चुकली की सगळा दावा पाण्यात, भाडेकरूनं दमडी दिली नसली तरी. तारखेची ही कटकट २००२च्या अखेरच्या दुरुस्तीनं संपली.

दुसरी नोटीस मुंबई-पुण्याकडे १९४७च्या भाडे कायद्यानं आणली, थकबाकी लेखी मागा आणि महिनाभर थांबा. विदर्भात तर वेगळाच प्रकार, तिथे १९४९च्या हुकुमाप्रमाणे नोटीस द्यायलाच आधी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागायची!

मग दोन्ही नोटिसा द्यायच्या का? यावर कोर्टांची मतं वेगवेगळी होती, शेवटी १९७९ मध्ये देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टात सात न्यायाधीश बसले आणि म्हणाले की राज्याच्या भाडे कायद्याखाली घर मागताना १०६ची नोटीस लागत नाही, कारण ती दिली तरी भाडेकरूचं संरक्षण काही जात नाही, मग तो नुसता सोपस्कार कशाला. माझ्या मते बरोबरच होतं ते. पण यातून कुणी "नोटीस लागतच नाही" असा अर्थ काढला तर फसलाच, कारण पैसे मागायची नोटीस तशीच राहिली.

उलट तिची मुदत वाढली. ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा आला, आता नोटिशीनंतर ९० दिवस थांबायचं, वर दाव्यात कोर्टाचं समन्स (हजर राहायचा हुकूम) मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूनं सगळी थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासकट भरली तर तो राहतो. पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेल्या घराच्या) किरकोळ भाड्यावर हे व्याज ते काय असणार! एक कोटी रुपये किंवा जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले पैसे) असलेल्या कंपन्यांना आणि बँकांना मात्र या कायद्याचं संरक्षण नाही, त्यांच्यासाठी परत ती जुनी कलम १०६चीच नोटीस.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना (म्हणजे भाडेकरूपण नाही, ठरलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) यातलं फारसं लागू नाही. तिथे मुदत संपली की संपली, घर सोडलं नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट, आणि मधेच काढायचं असेल तर करारात काय लिहिलंय ते बघायचं.

आणि भाडं वेळेवर देणारा पण शेजाऱ्यांना छळणारा भाडेकरू? त्याच्यासाठी ९० दिवसांची अट नाहीच, ती फक्त थकबाकीला. पण त्रास सिद्ध करायची जबाबदारी मालकावर, म्हणून वकील आधी एक-दोन लेखी इशारे पाठवायला लावतात, पोचपावत्या जपून ठेवायला सांगतात आणि तेच कागद पुढे कोर्टात पुरावा म्हणून लावतात.