व्यसन आजार कधी ठरलं?

‘माळ घातली, आता पीत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात कित्येक पिढ्या ऐकत आल्या. गळ्यात तुळशीची माळ हा दारू सोडण्याचा आपला जुना मार्ग, आणि तो अनेकांना लागू पडला. मानसशास्त्राच्या नजरेतून त्याची कारणंही दिसतात. माळेबरोबर संगत बदलते, रिकामी संध्याकाळ भजनात जाते, चारचौघांत शब्द दिलेला असतो. पण ज्याचा शब्द मोडला त्याचं काय? तो नादान ठरायचा, आणि लाजेपोटी आणखी प्यायचा.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी एकमेकांशी मोकळेपणी बोलू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही मद्यपींनीच एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. भारतात ती १९५७मध्ये पोचली. दारुड्याचं मन दारुड्यालाच कळतं, हे तिने दाखवून दिलं.

पुण्या-मुंबईला मात्र जाग आणली ती गर्दने. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, भेसळीचं हेरॉइन. १९८०च्या दशकात ती कॉलेजच्या कट्ट्यांपर्यंत आली. न मिळाली की अंग मोडून काढणारी ‘टर्की’ सुरू व्हायची, आणि ती टाळण्यासाठी पोरं घरातली भांडीही विकायची. १९८५मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. पण घरोघरच्या या मुलांना न्यायचं कुठे? लेखक अनिल अवचटांनी यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी देऊ केली. २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याची घडी बसवली ती अवचटांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते आणि समुपदेशक केलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यांत मोठं काम हेच. १९९७मध्ये त्या गेल्या. पुढे त्यांची मुलगी, मानसशास्त्रज्ञ मुक्ता पुणतांबेकर यांनी सूत्रं सांभाळली.

१९८०च्याच दशकात समुपदेशनाची रीतही बदलत होती. ‘याला जरा समजवा हो’ म्हणत घरचे माणसाला घेऊन येतात. पण समजावायला गेलं की तो दारूचीच बाजू लढवू लागतो. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३मध्ये वेगळी वाट मांडली. वाद घालायचा नाही. दारूने काय दिलं, काय नेलं हे त्यालाच विचारायचं आणि बदलाचं कारण त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं. १९८५मध्ये मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी ‘स्लिप’कडे, म्हणजे सोडल्यावर एखाद्या वेळी पुन्हा घेण्याकडे, पाहण्याची दृष्टी बदलली. एकदा पाय घसरला म्हणजे सगळं संपलं, असं वाटणंच माणसाला पुन्हा व्यसनात ढकलतं, हे त्यांनी दाखवलं. माळ तुटलेल्या माणसासाठी जी जागा नव्हती, ती इथे तयार झाली.

घरच्यांकडे लक्ष जायला अजून वेळ लागला. नवऱ्याच्या पिण्याचा दोष बायकोच्या माथी मारायची आपली वाईट खोड. म्हणून मुक्तांगणने व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू केला, तो मला फार मोलाचा वाटतो. तिथे बोलायचं ते तिच्या झोपेबद्दल, तिच्या भीतीबद्दल.

व्यसन हा आजार आहे, ही दृष्टी कायद्यात स्पष्ट शब्दांत उतरली ती २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मनोवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश झाला, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं बंधन आलं.