सोप्रानो सॅक्सोफोनचा कंप : कोकणच्या कानाला ओळखीचा, पण परक्या वाटेने आलेला

सनई-चौघड्यावर वाढलेल्या कोकणातल्या कानाला सोप्रानो सॅक्सोफोन, म्हणजे या वाद्याचा लहान, उंच आवाजाचा प्रकार, लगेच आपलासा वाटतो. त्याला कारण आहे. दोन्ही वाद्यांची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, आणि दोन्ही जोराने फुंकली की बरोबर वरच्या सप्तकात जातात. फरक तोंडाशी आहे : सनईला दुहेरी पत्ती, सॅक्सोफोनला एकच रीड.

या साम्यामुळे इथे सोप्रानो शिकणाऱ्यांची एक गल्लत वारंवार होते. भैरव रागातल्या कोमल रिषभाचं आंदोलन आणि सॅक्सोफोनचा व्हायब्रॅटो, म्हणजे सुराला दिलेला कंप, ते एकच धरतात. आंदोलन हे रागाने ठरवलेल्या स्वराचं संथ झुलणं. व्हायब्रॅटो वादकाच्या आवाजाचा, वेगवान, कोणत्याही स्वरावर चालणारा. आणि तो सॅक्सोफोनच्या जन्मापासून त्याच्यासोबत नव्हता.

अडॉल्फ साक्सने 1846 मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं. तिथल्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीतविद्यालयात, त्याने 1857 ते 1870 शिकवलं, मग तो वर्ग बंद पडला तो थेट 1942 पर्यंत. मधल्या काळात हे वाद्य लष्करी बँडमध्ये आणि नंतर नाचगाण्याच्या बँडमध्ये टिकलं. कंप आला तो तिथून.

सोप्रानोपुरतं बोलायचं तर सगळं सिडनी बेशे या नावापाशी येतं. न्यू ऑर्लिन्सचा हा क्लॅरिनेटवादक पहिल्या महायुद्धानंतर लंडनला गेला आणि तिथे त्याने सरळ सोप्रानो विकत घेतला. त्याचा कंप रुंद आणि जलद, जवळजवळ प्रत्येक लांब सुरावर. काहींना तो अतिरेक वाटतो. मला वाटत नाही. ट्रम्पेटच्या बरोबरीने, कधी त्याच्या वरचढ, या लहान वाद्याने मुख्य धून वाजवायची तर आवाजाला ती धग हवीच होती.

पॅरिसमध्ये सॅक्सोफोनवादक मार्सेल म्यूलने वेगळी वाट काढली. तो 1923 पासून गार्द रेप्युब्लिकेन या फ्रेंच लष्करी दलाच्या बँडमध्ये होता आणि तिथल्या सॅक्सोफोन चौकडीत सोप्रानो वाजवायचा. नाचाच्या बँडमधला कंप त्याने अभिजात संगीतात आणला, पण मोजून : मिनिटाला साधारण 300 कंप, सम आणि अरुंद. 1942 मध्ये कॉन्झर्वेटरीचा वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा शिक्षक तोच होता. जगभर शिकवला जाणारा जबड्याचा व्हायब्रॅटो मुख्यतः त्याच्या परंपरेतला आहे.

आपल्या किनाऱ्याला ही वाद्यं आणि त्यांची लिपी पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मिळालेल्या संगीतशिक्षणामुळे जवळची झाली. गोव्याचे वादक स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला तिथेच शिकत आणि मुंबईच्या हॉटेलांत, पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम मिळवत. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन जॅझ बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. अशा बँडांचा आवाज गोव्याच्या वादकांनी जवळून ऐकला. पुढे गोव्याच्याच ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर जॅझ आणि राग जवळ आणले. याच किनाऱ्याने दक्षिणेकडे गेलं की कद्री गोपालनाथ भेटतात. त्यांनी आल्टो सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीताची गमकं, म्हणजे सुरांचे हेलकावे, उतरवली.

तिकडे अमेरिकेत उलट वारं वाहू लागलं. जॅझवादक स्टीव्ह लेसी बेशेला ऐकूनच सोप्रानोकडे वळला, पण सूर त्याने जवळपास सरळ ठेवला. 1960 पासून जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननेही सोप्रानो हाती घेतला. त्याच्या धारदार, कमी कंपाच्या आवाजामुळे पुढच्या पिढीचा कल बदलला.

तंत्र साधं आहे, पण सोप्रानोवर ते फार जपून वापरावं लागतं. खालचा जबडा किंचित सैल करायचा, मग पुन्हा पूर्ववत करायचा. सूर खाली उतरतो आणि मूळ जागी परततो, वर चढत नाही. सोप्रानोचं माउथपीस लहान, नळी आखूड. मोठ्या टेनर सॅक्सोफोनवर चालून जाईल एवढी हालचाल इथे सूर बेसूर करते. आधी सरळ सूर ट्यूनरवर स्थिर करावा. मग मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून ठोक्याला दोन, तीन, चार असे कंप मोजावेत आणि हळूहळू पाचपर्यंत जावं. पोटाच्या श्वासाने कंप देण्याची बासरीवाल्यांची पद्धतही आहे, तिने आवाजाची तीव्रता जास्त हलते. सॅक्सोफोनवर मात्र जबड्याचीच पद्धत रुळली.

भैरवाचं आंदोलन या मोजणीत बसवू नये. तिथे ओठांची पकड सावकाश बदलत रिषभ संथ झुलवायचा असतो, आणि त्यासाठी चांगला सनईवादक ऐकणं कोणत्याही सॅक्सोफोनच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतं.